वरण-भाताचा एक घास आणि यंत्राचा हात

चार वर्षांपूर्वी माझ्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आल्यावर तिने पुष्कळ काही निमूट सोसलं. डायपर सोसला, कमोडची खुर्ची सोसली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायला येणारे हात सोसले. एका गोष्टीला मात्र ती काही केल्या तयार होईना. कुणी घास भरवायला हात पुढे केला की ती तोंड मिटून मान वळवायची. भूक असायची, नजर ताटाकडेच असायची, पण दुसऱ्याच्या हातचा घास नको. जिने आयुष्यभर पंगती वाढल्या, तिच्या ताटात आधी भाजी की आधी भात हे दुसऱ्याने ठरवायचं, हे तिला सहन होत नव्हतं. मला ते फार उशिरा कळलं. तोवर आम्ही सगळे तिला हट्टी म्हणत होतो.

त्या दिवसांत मी रात्री बसून शोधायला लागलो. जेवण भरवणारं यंत्र असतं का? असलं तर ते कसं चालतं, कितीला मिळतं? शोधता शोधता म्हातारपणात आणि अपंगत्वात मदत करणाऱ्या रोबोंचं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं सगळंच जग समोर आलं. त्यातलं जे मला उमगलं ते इथे सांगतो. सुरुवात घासापासूनच करतो, कारण एक घास नीट समजला की यातलं निम्मं तंत्रज्ञान समजतं.

वरण-भाताचा घास आपण कसा घेतो ते एकदा सावकाश करून बघा. बोटांना आधी भाताचा ओलेपणा कळतो, त्यावरून किती दाबायचं ते ठरतं. घास वळला जातो, पाचही बोटांच्या टोकांवर येतो. मग हात वर निघतो. आपल्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत सात स्वतंत्र प्रकारे वळता येतं. खांद्यात तीन, कोपरात एक, कोपराखालच्या भागाला पीळ देण्याचा एक आणि मनगटात दोन. हे सातही एकाच वेळी असे जुळत जातात की हात वर जाताना घास सांडत नाही. तोंड कुठे आहे हे बघावं लागत नाही. मध्येच ठसका लागला तर हात जिथल्या तिथे थांबतो. आणि हे सगळं चालू असताना आपण शेजारच्याशी गप्पा मारत असतो.

यंत्राला हेच करायचं तर त्याला तीन कामं जमली पाहिजेत: पाहणं, ठरवणं आणि हलणं. हलायला मोटारी लागतात. पाहायला कॅमेरे लागतात, पण साधा कॅमेरा पुरत नाही, वस्तू किती अंतरावर आहे हेही मोजणारा लागतो. शिवाय चमचा कशाला तरी टेकला हे कळायला दाब मोजणारे सेन्सर लागतात. मधलं काम ठरवण्याचं. जुन्या यंत्रांत ते माणूस आधीच लिहून ठेवायचा: इतके अंश वळ, इतकं खाली जा, उचल. कारखान्यातले रोबो बहुतेक असेच चालतात, कारण तिथे प्रत्येक वस्तू रोज ठरलेल्या जागी येते. ताटात तसं नसतं. आज बटाट्याची भाजी डावीकडे असते, उद्या उजवीकडे, परवा ती वरणात मिसळलेली असते. इथे कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम सुरू होतं. तिला नियम लिहून देत नाहीत, उदाहरणं देतात. बटाट्याच्या फोडींचे हजारो फोटो दाखवले की न पाहिलेली फोडही तिला ओळखू येते. पण 'ओळखते' म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. तिच्याकडे असतो तो अंदाज. 'हा बहुधा बटाटा' इतकंच ती सांगू शकते. हा अंदाज शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

हान्स मोराव्हेक या रोबोशास्त्रज्ञाने १९८८ मध्ये एक विसंगती मांडली होती, आजही ती तशीच लागू आहे. संगणकाला मोठ्या माणसासारखं बुद्धिमापन चाचणीत किंवा पटावरच्या खेळात तरबेज करणं तुलनेने सोपं, पण वर्षाच्या बाळाइतकं पाहायला आणि हालचाल करायला शिकवणं फार अवघड. त्याचं कारण असं की पाहणं, धरणं, तोल सांभाळणं ही कौशल्यं उत्क्रांतीत कोट्यवधी वर्षं घासून तयार झाली आहेत. ती आपल्याला इतकी सहज येतात की ती कौशल्यं आहेत हेच आपण विसरतो. मोबाइलमधला सहायक एका क्षणात पत्र लिहून देतो आणि तरीही आजीला पलंगावरून खुर्चीत बसवणारं यंत्र घराघरांत का दिसत नाही, याचं उत्तर इथे आहे.

घासाकडे परत येतो. जपानच्या सेकॉम कंपनीने २००२ मध्ये 'माय स्पून' नावाचं भरवणारं यंत्र विकायला आणलं. टेबलावर ठेवायचा छोटा यांत्रिक हात, त्याच्या टोकाला चमचा आणि काटा, समोर कप्पे असलेला ट्रे. हात न हलणारा माणूस हनुवटीने छोटी दांडी ढकलून कुठल्या कप्प्यातलं हवं ते सांगतो. चमचा तोंडाजवळ येऊन थांबतो, तोंडात शिरत नाही. पुढचं चार बोटांचं अंतर जेवणारा स्वतः मान पुढे करून कापतो. मला यातली ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. सर्वांत धोक्याचा टप्पा माणसाच्या ताब्यात ठेवला आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी याच्या पुढे जायचा प्रयत्न केला. त्यांनी व्हीलचेअरला बसवलेल्या यांत्रिक हाताला काट्याने खायचे पदार्थ टोचायला शिकवलं. त्यासाठी आधी माणसं काटा कसा वापरतात ते बारकाईने मोजलं. तेव्हा दिसलं की प्रत्येक पदार्थाची तऱ्हा वेगळी. कडक गाजरात काटा घुसवताना आपण तो किंचित हलवतो. केळ्याचा मऊ काप सरळ टोचला तर निसटतो, म्हणून काटा तिरका धरतो. टोचल्यावर तो कुठल्या बाजूने तोंडात सहज जाईल याचाही विचार टोचतानाच झालेला असतो. इतकं सगळं एका फळाच्या फोडीसाठी. आता आपल्या ताटात कालवलेला भात, आमटीत बुडवलेला भाकरीचा तुकडा, बोटाने चाखायचं लोणचं आहे. काट्याने टोचायच्या जेवणावर शिकलेल्या यंत्राला यातलं काहीच येणार नाही. ज्या उदाहरणांवर शिकवलं, तेवढंच त्याचं जग.

आणि तरीही माझ्या वाचनातलं सर्वांत जवळचं उदाहरण सापडलं ते आपल्या शेजारी, गोव्यात. २०२२ मध्ये फोंडा तालुक्यातल्या एका रोजंदारीवर काम करणाऱ्या बापाची बातमी आली होती. त्याच्या किशोरवयीन मुलीला हात हलवता येत नव्हते. तिला भरवणारी आई स्वतःच अंथरुणाला खिळली. बाप कामावरून मध्येच घरी यायचा, मुलीला जेवू घालायचा, परत जायचा. भरवणारं यंत्र कुठे मिळतं का हे त्याने शोधलं, मिळालं नाही. तंत्रशिक्षण काहीच नव्हतं. दिवसभर राबून झाल्यावर तो इंटरनेटवर शिकत राहिला आणि चार महिन्यांत त्याने यंत्र उभं केलं. नाव ठेवलं 'माँ रोबोट'. ताट यंत्रावरच बसवलेलं असतं. मुलगी तोंडाने सांगते, आता भाजी, आता वरण-भात, आणि चमचा तो पदार्थ घेऊन तिच्यापर्यंत येतो. गोव्याच्या नवोन्मेष परिषदेने पुढे त्याला आर्थिक मदत केली.

या यंत्राकडे अभियंत्याच्या नजरेने बघा. त्याने काय काय टाळलं आहे! ताट जागेवर पक्कं, म्हणून पदार्थ शोधायला नकोत. मुलीची बसायची जागा ठरलेली, म्हणून तोंड शोधायला नको. राहिलं ते एकच काम, तिने उच्चारलेला शब्द ओळखणं, आणि मोजके शब्द ओळखणं आजच्या यंत्रांना चांगलं जमतं. यंत्र हुशार करण्यापेक्षा त्याच्यासमोरचं जग सोपं केलं की काम भागतं, हे त्या बापाने बरोबर हेरलं. आणि जे टाळायचं नव्हतं ते टाळलं नाही: पुढचा घास कशाचा, हे मुलगी सांगते.

व्हीलचेअरला लावायचे यांत्रिक हात बनवणारी किनोव्हा नावाची एक कॅनेडियन कंपनी आहे. तिच्या संस्थापकाच्या घरात स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. त्या आजाराच्या एका नातलगाने स्वतःसाठी घरच्या घरी एक यांत्रिक हात जुळवला होता, तो हात बघत संस्थापक मोठा झाला. कंपनीच्या पहिल्या हाताचं 'जाको' हे नाव त्या जाक नावाच्या नातलगावरून आलं. कॅनडातलं क्यूबेक काय, गोव्यातलं फोंडा काय, सुरुवात एकाच ठिकाणाहून झालेली दिसते: गरज कुणाची आहे आणि नेमकी कोणती आहे, हे रोज डोळ्यांनी पाहणारा माणूस.

आता उचलण्याविषयी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर नेणं हे सेवेतलं सर्वांत कंबरतोड काम. जपानमध्ये ६५ वर्षांपुढची माणसं लोकसंख्येच्या जवळपास २९ टक्के आहेत. तिथे २००० पासून वृद्धांच्या दीर्घकालीन सेवेसाठी सक्तीचा विमा आहे आणि तरीही सेवा करणारे हात कमी पडतात. म्हणून तिथल्या रिकेन या संशोधन संस्थेने सुमितोमो रिको कंपनीबरोबर २०१५ मध्ये 'रोबेअर' दाखवला. अस्वलासारखा गोल चेहरा, दोन जाड हात, वजन १४० किलो. सेवा करणाऱ्या एका माणसाला दिवसातून सुमारे ४० वेळा असं उचलावं लागतं, असं तेव्हा संस्थेने सांगितलं होतं.

हे अवघड का, ते समजून घेण्यासारखं आहे. पोतं उचलणं सोपं, कारण पोतं काही म्हणत नाही. माणसाचं शरीर मऊ असतं, मध्ये वाकतं, घाबरलं की ताठ होतं, अचानक काहीतरी धरतं. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ झालेली असते, थोड्या घर्षणानेही सोलवटते. हाडं ठिसूळ असतात. म्हणजे यंत्रात माणूस उचलण्याइतकी ताकद हवी आणि तीच ताकद क्षणात सोडून देण्याची नरमाईही हवी. कारखान्यातल्या बलवान रोबोभोवती कुंपण असतं, इथे माणूस त्याच्या कुशीतच असतो. रोबेअरमध्ये यासाठी दोन गोष्टी केल्या होत्या. हातांवर दाब ओळखणारं रबराचं आवरण होतं आणि सांधे असे बनवले होते की बाहेरून ढकललं तर ते अडून न बसता मागे सरकतात. आधीच्या पिढीतला रोबो २३० किलोचा होता, हा बराच हलका केला. तरीही रोबेअर प्रयोगशाळेबाहेर घरांमध्ये पोहोचला नाही. १४० किलोचं यंत्र आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पलंग आणि कपाटाच्या मध्ये वळवून बघा, म्हणजे एक कारण तरी कळेल.

जपानमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात कित्येक महिने राहून एका ब्रिटिश अभ्यासकाने पाहिलं की तिथे आणलेल्या यंत्रांनी कर्मचाऱ्यांचं काम कमी केलं नाही, उलट वाढवलं. यंत्र खोलीतून खोलीत न्यायचं, पुसायचं, चार्ज करायचं, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. उचलणारं यंत्र माणूस आणि सेविका यांच्यामध्ये येतं, म्हणून काहीजणी ते वापरायलाच नाखूश होत्या. मला हे वाचून आमच्याकडे ब्युरोतून येणाऱ्या मावशी आठवल्या. आत्याला उचलताना त्या तिच्या कानाशी काहीतरी बोलायच्या, आत्या हसायची, आणि त्या हसण्यात अंग सैल पडलं की त्या पटकन उचलायच्या. हे तंत्र कुठल्याही यंत्रात नाही. पण संध्याकाळी त्याच मावशी कमरेला पट्टा बांधून बसायच्या, हेही तितकंच खरं. त्यांच्या कमरेसाठी मी आजही साधा हॉइस्ट सुचवीन. कापडाची झोळी आणि पंप मारून वर जाणारा दांडा, यात बुद्धी कसलीच नाही, पण मावशींचं बोलणं तसंच राहतं आणि वजन दांड्यावर जातं.

चालण्याच्या बाबतीत मात्र यंत्रांनी खरी मजल मारली आहे. झटक्यानंतर मेंदूचा काही भाग मरतो, पण उरलेला मेंदू नव्या वाटा तयार करू शकतो. त्यासाठी एकच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते. फिजिओथेरपिस्ट पेशंटचा पाय हाताने उचलून किती पावलं टाकून घेईल? तो दमतो. पेशंटला वरून पट्ट्याने तोलून धरून पाय ठरलेल्या लयीत हलवणारं यंत्र दमत नाही. तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स कंपनीने असं 'जी-गेटर' यंत्र बनवलं आहे. माणसाला मॅनहोलमध्ये उतरावं लागू नये म्हणून 'बँडिकूट' रोबो बनवणारी हीच ती कंपनी.

याहून सूक्ष्म कल्पना जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातले योशियुकी सांकाई यांची. त्यांचा 'हाल' हा पायांवर चढवायचा यांत्रिक सांगाडा आहे. आपण पाय उचलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूकडून स्नायूकडे अगदी क्षीण विजेचा संदेश जातो. स्नायू दुबळा असेल तर पाय हलत नाही, पण संदेश कातडीपर्यंत पोहोचलेला असतो. मांडीवर चिकटवलेले सेन्सर तो टिपतात आणि मोटार त्याच क्षणी पाय उचलायला मदत करते. 'मी मनात आणलं आणि पाय हलला' हा अनुभव मेंदूला परत मिळतो. सांगाडा स्वतःहून चालवत नाही, माणसाच्या इच्छेची वाट बघतो. स्नायू आणि मज्जातंतूंच्या काही आजारांसाठी जपानने २०१५ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली.

यांत्रिक सांगाड्याआधी चाकांचा विचार मात्र झालाच पाहिजे. आयआयटी मद्रासमधल्या संशोधनातून आलेली 'निओफ्लाय' ही व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या मापाने बनते आणि 'निओबोल्ट' हा मोटारीचा भाग पुढे जोडला की तीच खुर्ची रस्त्यावर धावते. कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, पण घराबाहेर एकट्याने पडता येतं. पुढे पायऱ्या आणि फूटपाथ आडवे येतात, तो दोष खुर्चीचा नाही.

डोळ्यांच्या कामाकडे वळू. अंध माणसाची पांढरी काठी जमिनीलगतचा अडथळा सांगते. गुडघ्याच्या वर असलेली गोष्ट तिला कळत नाही: उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा मागचा भाग, खाली आलेली फांदी. आयआयटी दिल्लीच्या गटाने 'स्मार्टकेन' नावाचं मुठीवर बसवायचं यंत्र बनवलं, ते २०१४ मध्ये बाजारात आलं. ते वटवाघळासारखं काम करतं: कानाला न ऐकू येणारा आवाज पुढे सोडायचा, प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून अंतर काढायचं. तीन मीटरपर्यंतचा अडथळा ते मुठीच्या कंपनातून सांगतं, जवळ जाल तसा कंपनाचा नमुना बदलतो. कान मोकळे राहतात, आणि अंध माणसाला रस्त्यावर कान किती लागतात हे सांगायला नको. किंमत सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास ठेवली होती.

नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे मोफत अ‍ॅप १ जानेवारी २०२० पासून आहे. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते किंमत बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारं 'एनव्हीडीए' हे मोफत सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून घडवलं, ते मराठीही वाचतं. आणि 'बी माय आइज' हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं अ‍ॅप २०१५ पासून अंध माणसाला व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवकाशी जोडत आलं आहे. २०२३ मध्ये त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा पर्याय आला: फोटो काढा, ती वर्णन करून सांगेल. रात्री दोन वाजता कुणाला त्रास न देता 'या डब्यात साखर आहे की मीठ' असं विचारता येणं किती मोठी मोकळीक आहे!

पण इथे तो अंदाज शब्द आठवा. यंत्र चुकतं तेव्हा अडखळत नाही, त्याच ठाम आवाजात चुकीचं सांगतं. शर्टाचा रंग चुकला तर बिघडत नाही. औषधाच्या पट्टीवरचं ५ आणि ५० यांत गल्लत झाली तर जीवावर बेतेल. औषध, पैसे आणि कागदपत्रांवरची सही, या तीन ठिकाणी डोळस, भरवशाच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी, मग यंत्र कितीही चांगलं असो.

आवाजाची गोष्ट मला वैयक्तिक सलते. आत्याच्या तोंडून 'पाणी' हे 'पाई' येतं. आम्हाला कळतं, फोनला कळत नाही. आवाज ओळखणारी यंत्रं लाखो माणसांच्या बोलण्यावर शिकतात, आणि ते बोलणं बहुतेक निरोगी, तरुण, शहरी माणसांचं असतं. झटक्यानंतरचं जड बोलणं, कंपवातातलं पुटपुटणं, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे ताणलेले शब्द त्यांनी ऐकलेलेच नसतात. त्यात मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी वळण आलं की यंत्र आणखी गोंधळतं. ज्याला बटणं दाबता येत नाहीत त्यालाच आवाजाची सोय सर्वांत जास्त हवी, आणि त्याचाच आवाज यंत्राला कळत नाही. यावर उपाय आहे. गूगलने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या 'युफोनिया' प्रकल्पात अशा माणसांच्या बोलण्याचे नमुने गोळा करून यंत्राला शिकवायला सुरुवात झाली. भारत सरकारचं 'भाषिणी' हे भाषांतराचं आणि आवाज ओळखण्याचं व्यासपीठ २०२२ पासून भारतीय भाषांसाठी काम करतं. मराठीतल्या जड बोलण्याचे नमुने असेच जमा व्हायला हवेत. वांद्र्याला श्रवण आणि वाचा अपंगत्वासाठी अलि यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, वाचा उपचार करणारी माणसं गावोगाव आहेत. पेशंटच्या संमतीने, नाव न लावता हे नमुने जमवता येतील. मला हे काम रोबो आणण्यापेक्षा अधिक निकडीचं वाटतं.

ज्यांचं बोलणं पूर्ण गेलं त्यांच्यासाठी २०२४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतून एक थक्क करणारा निकाल आला. स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणाऱ्या एएलएस या आजाराने वाचा गेलेल्या एका माणसाच्या मेंदूत २५६ सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवले. तो बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा मेंदूत उठणारे संदेश यंत्र शब्दांत बदलतं, आणि ते जवळपास ९७ टक्के शब्द बरोबर ओळखत होतं. त्याच्या आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून बनवलेल्या त्याच्याच आवाजात वाक्य ऐकू येतं. हे अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे, कवटी उघडून करायची शस्त्रक्रिया आहे.

सोबतीच्या यंत्रांवर लोक सर्वांत जास्त भांडतात. 'पारो' हे जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी बनवलेलं सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या पिल्लासारखं दिसणारं यंत्र. कुरवाळलं की मान वळवतं, डोळे मिटतं, आवाज करतं. सीलच का? मांजर बनवून पाहिलं तर लोक त्याची खऱ्या मांजराशी तुलना करून नाराज व्हायचे. सीलचं पिल्लू कुणी मांडीवर घेतलेलं नसतं, म्हणून तुलनाच होत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत त्याची नोंद वैद्यकीय उपकरण म्हणून झाली. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी बेचैन होणारी, घर सोडून जायला निघणारी माणसं त्याला मांडीवर घेऊन शांत बसलेली दिसतात. ही फसवणूक आहे असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या आजीला आपल्या मुलीचं नाव आठवत नाही, तिला ऊबदार काहीतरी कुरवाळून झोप लागत असेल तर लागू दे. बोलणाऱ्या यंत्रांबद्दल मात्र मी सावध आहे. ज्याचं डोकं शाबूत आहे पण घरी कुणी येत नाही, त्याच्यापुढे गप्पा मारणारं यंत्र ठेवून आपण येणं आणखी कमी करणार असू, तर ती सोय आपली असते, त्याची नसते.

हाच प्रश्न लक्ष ठेवणाऱ्या यंत्रांबाबत येतो. मुलं अमेरिकेत आणि आईवडील कोथरूडला, अशी घरं आपल्याकडे किती आहेत! पडल्याचं ओळखणारं घड्याळ हे त्यांना सर्वांत आधी सुचतं. त्यात वेगातला बदल आणि वळण मोजणारे दोन सेन्सर असतात. आधी एकदम खाली येणं, मग आपटल्याचा धक्का, मग हालचाल नाही, असा क्रम दिसला की ते विचारतं 'तुम्ही पडलात का?' आणि उत्तर आलं नाही तर फोन लावतं. धपकन सोफ्यावर बसलं तरी कधी कधी विचारतं, आणि भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलं तर कधी कधी कळतच नाही. शिवाय म्हातारी माणसं आंघोळीला जाताना घड्याळ काढून ठेवतात आणि पडतात तिथेच. म्हणून आता भिंतीवर लावायचे रडार आले आहेत. त्यांना चेहरा दिसत नाही, शरीर उभं आहे की आडवं एवढंच कळतं. मला ते कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी बरे वाटतात. आईच्या खोलीत कॅमेरा लावण्याआधी आईला विचारलं का, हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला आहे, आणि पुष्कळदा समोरून उत्तर येत नाही.

राहिला खर्च. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची १० कोटी ३८ लाख माणसं होती आणि अपंगत्व असलेली २ कोटी ६८ लाख. जपानची यंत्रं विकत घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या कमी उत्पन्नाच्या माणसाला साहाय्यक साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. एवढ्यात चष्मा, काठी, वॉकर, कमोडची खुर्ची येते. म्हणून मी कुणी विचारलं तर यंत्राचं नाव सांगत नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जा म्हणतो. अंघोळ, जेवण, कपडे ही रोजची कामं उरलेल्या ताकदीत कशी करायची हे शिकवणारी ही माणसं. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. मोठं यंत्र घ्यायचंच असेल तर आधी घरी वापरून बघायला मागा, ते बिघडलं तर तुमच्या तालुक्याला दुरुस्तीला कोण येणार हे विचारा, आणि ज्याच्यासाठी घेताय त्याला खरेदीच्या बोलण्यात बसवा.

आत्यासाठी आम्ही शेवटी असंच केलं. थेरपिस्ट बाई घरी आल्या, त्यांनी तिच्या डाव्या हाताची पकड बघितली, जेवताना ती कुठे अडते ते बघितलं. चमच्याच्या दांड्याला स्पंजची जाड नळी चढवली. ताटाला एका बाजूने उभी कड लावली, म्हणजे भात तिथे अडून चमच्यात येतो. ताटाखाली रबराचा तुकडा ठेवला, म्हणजे ताट सरकत नाही. ताट जागेवर पक्कं करायचं, ही त्या गोव्यातल्या बापाचीच युक्ती. पहिल्या दिवशी जेवायला पाऊण तास लागला, निम्मा भात मांडीवर सांडला. मावशी पुसायला पुढे झाल्या तर आत्याने त्यांना हातानेच थांबवलं. मग तिने कड लावलेल्या बाजूला चमचा नेला, थोडं वरण घेतलं आणि लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवलं.